हातात किती येतील? इंदापूरचा जुना हिशोब

आजचा भाग एका फोनवरून सुचला, त्यामुळे आधी फोनचं सांगतो आणि मग इतिहासात जाऊ.

गेल्या महिन्यात भाच्याचा फोन आला. "मामा, बारामती एमआयडीसीत काम मिळतंय. चार लाख ऐंशी हजारांचं पॅकेज आहे. म्हणजे महिन्याला चाळीस हजार ना?"

मागून ताईचा आवाज येत होता. इंदापूर तालुक्यात त्यांचं दोन खोल्यांचं घर आणि दीड एकर जिरायत. घरावर आणखी दोन खोल्या चढवायच्या, त्यासाठी कर्ज काढायचं, हप्ता सतरा हजार बसणार, हे तिनं मनाशी ठरवूनच टाकलं होतं. चाळीसातून सतरा गेले तर तेवीस उरतात. तेवीस हजारांत घर चालतं. आणि मग गेली दहा-बारा वर्षं दुसऱ्याच्या रानात रोजानं खुरपायला जाणारी ताई थांबणार होती. तिनं हे बोलून दाखवलं नाही, पण मला कळलं.

म्हटलं, थांबा, ऑफर लेटरचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवा. मग पगाराचा ऑनलाइन कॅल्क्युलेटर उघडून बसलो. आपल्यापैकी बऱ्याच जणांनी तो वापरला असेल. वर्षाचं पॅकेज टाकायचं, मूळ पगार टाकायचा, राज्य निवडायचं, की खाली आकडा येतो: हातात इतके.

भाच्याचं गणित असं होतं. महिन्याचे चाळीस हजार. मूळ पगार वीस हजार. कंपनी पीएफमध्ये जे १२ टक्के भरणार, ते २,४०० रुपये पॅकेजमध्येच धरलेले. ग्रॅच्युइटीचे ९६२ रुपये, तेही त्यातच. वर्षाला ४८ हजारांचा बोनस, म्हणजे महिन्याला चार हजार, आणि तो "कामगिरीनुसार". हे सगळं वजा केलं की दरमहा प्रत्यक्ष मिळणारा पगार ३२,६३८. त्यातून भाच्याचा स्वतःचा पीएफ २,४००. व्यवसाय कर २००. प्राप्तिकर शून्य, कारण २०२५-२६ च्या नव्या करपद्धतीत १२ लाखांपर्यंत कर लागत नाही. पगारदाराला ७५ हजारांची प्रमाणित वजावट धरली तर पावणेतेरा लाखांपर्यंत नाही. हातात ३०,०३८ रुपये.

"मामा, कॅल्क्युलेटर चुकला असेल. दुसरा बघा ना."

दुसरा बघितला. त्यानं ३४,०३८ सांगितले. त्यानं बोनसचे चार हजार दर महिन्याच्या पगारात धरले होते. बेरीज-वजाबाकी दोघांचीही बरोबर होती. फरक एवढाच, की एकानं बोनसबद्दल वेगळं विचारलं होतं आणि दुसऱ्यानं तो मिळणारच असं गृहीत धरलं होतं.

आता तुम्ही म्हणाल, यात इतिहास कुठे आला? सांगतो. ज्या तालुक्यात बसून माय-लेक हा हिशोब करत होते, त्याच तालुक्यात सुमारे दोनशे वर्षांपूर्वी हाच प्रश्न सरकारनं घेतला होता. माणसाचं उत्पन्न किती, खर्च किती, कर किती आणि मागे किती उरतं? तो हिशोब एकदा साफ फसला, मग सुधारला, आणि पुन्हा बिघडला.

पेशवाई १८१८ मध्ये संपली आणि पुणे जिल्हा कंपनी सरकारकडे गेला. सारा कसा बसवायचा हा पहिला मोठा प्रश्न. हे काम आलं रॉबर्ट कीथ प्रिंगल नावाच्या तरुण अधिकाऱ्याकडे. कंपनीचे मुलकी अधिकारी इंग्लंडमध्ये हेलीबरीच्या कॉलेजात तयार व्हायचे, तिथे अर्थशास्त्र शिकवायला माल्थस होता. प्रिंगल तिथलाच. जमिनीचा खंड म्हणजे काय, त्यावर सरकारचा हक्क किती, याचा नवा सिद्धांत तो डोक्यात घेऊन आला होता.

१८२० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यानं मोजणी सुरू केली. पद्धत ऐका, ओळखीची वाटेल. शेतातून एकूण पीक किती येतं ते काढायचं. त्यातून बी, बैल, मजुरी असा लागवडीचा खर्च वजा करायचा. खाली उरतं ते निव्वळ उत्पन्न. त्या निव्वळातले ५५ टक्के सरकारचे, बाकीचे रयतेचे.

कागदावर हे अगदी न्याय्य दिसतं. रयतेच्या खर्चाला हात लावला नाही, उरलेल्यातूनच हिस्सा घेतला. पगाराचा कॅल्क्युलेटर याहून वेगळं काय करतो?

पण निव्वळ उत्पन्न काढायचं तर आधी प्रत्येक शेताचं एकूण उत्पन्न माहीत हवं. ते कोण सांगणार? मोजणीवर नेमलेले कारकून. गावोगाव कोणाची जमीन कमी प्रतीची लिहायची आणि कोणाची चढ्या प्रतीची, यात लाच चालली. ज्याच्याकडे द्यायला काही नव्हतं त्याची खडकाळ पट्टी कागदावर काळीभोर झाली. चुकलेल्या आकड्यांवर अत्यंत काटेकोर गणित झालं. त्यातच धान्याचे भाव पडले, म्हणजे पीक तेवढंच आलं तरी साऱ्याला लागणारा रोख पैसा हातात येईना. पाऊसही दगा देत होता. १८३२-३३ साली दख्खनमध्ये दुष्काळ पडला.

भीमा आणि नीरा यांच्यामधला हा पूर्वेकडचा टापू सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. इथे सरासरी पाऊस हा शब्दच फसवा आहे. एका साली चांगला, पुढची दोन कोरडी. सरासरी काढली तर कागदावर ठीक दिसतं, पण सारा दर वर्षी भरायचा असतो आणि पोटही दर वर्षी भरायचं असतं. कंपनीच्या तिजोरीत सूट मागणाऱ्या अर्जांचे ढीग लागले. वसुलीसाठी रयतेचा छळ झाल्याच्या नोंदी पुढे मुंबई सरकारच्या स्वतःच्या अहवालातच आल्या. लोक घरंदारं टाकून शेजारच्या संस्थानी मुलखात निघून गेले. जमिनी पडीक पडल्या.

१८३५ मध्ये गोल्डस्मिड नावाचा अधिकारी इंदापुरात आला. त्याच्याबरोबर लष्करी इंजिनिअर विंगेट, आणि नॅश. इंदापूर तालुक्याची नव्यानं पाहणी करून १८३६ पासून त्यांनी नवे दर लावले. महसूल खात्याच्या इतिहासात 'मुंबई पद्धत' म्हणून जी ओळखली जाते, ती इथून सुरू झाली. पुढे १८४७ मध्ये गोल्डस्मिड, विंगेट आणि डेव्हिडसन यांनी मिळून तिचे नियम एका संयुक्त अहवालात घालून दिले आणि ती इलाखाभर गेली.

यांनी वेगळं काय केलं? निव्वळ उत्पन्न काढायचा नादच सोडला. 'तुझं उत्पन्न किती, खर्च किती' हे रयतेला विचारणं बंद केलं, कारण खरं उत्तर मिळायची सोय नव्हती. त्याऐवजी डोळ्यांना दिसतं आणि पहारीनं खणून तपासता येतं तेवढंच घेतलं. मातीची खोली किती? रंग कोणता? खाली चुनखडी आहे का, उतार आहे का, पाण्याच्या लोंढ्यात माती वाहून जाते का? प्रत्येक दोषाला प्रत एक पायरी खाली. सोळा आण्यांपासून दोन आण्यांपर्यंत नऊ प्रती. बाजारपेठ किती लांब, पाऊसमान कसं, यावरून गावांचे गट. आणि दर ठरवताना मागच्या वर्षांचं दप्तर बघितलं: या गावानं आजवर प्रत्यक्षात किती भरलं, आणि किती भरताना मोडलं?

दर बरेच उतरवले, आणि तीस वर्षं वाढणार नाहीत असा शब्द दिला. रयतेनं विहीर खणली, बांध घातला, तर त्यासाठी या काळात सारा वाढणार नव्हता. पडीक जमिनी पुन्हा लागवडीखाली येऊ लागल्या, गेलेली माणसं परतू लागली.

मंडळी, हा जुना कागद नाही. तुमच्या घरचा सातबारा काढून बघा, त्यावर 'आकार' अशी नोंद असते. एवढ्या हेक्टर-आराला एवढे रुपये, एवढे पैसे. आजोळच्या सातबाऱ्यावरचा आकडा चहा-भज्यांच्या बिलाएवढा आहे. पण तो आकडा याच मोजणी आणि प्रतवारीच्या परंपरेतून आलेला आहे.

इथे गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण तीस वर्षं १८६६-६७ च्या सुमाराला भरली, आणि फेरआकारणी आली.

ती कोणत्या वर्षांनंतर आली ते बघा. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध चाललं होतं. तिथला कापूस इंग्लंडला मिळेना, म्हणून हिंदुस्थानी कापसाचे भाव आकाशाला भिडले. त्याच सुमाराला रेल्वे पुण्याहून सोलापूरकडे गेली. पैसा खेळू लागला, मजुरी वाढली, धान्याचे भाव वाढले. सरकारी अधिकाऱ्यांनी हे भाव बघितले आणि म्हणाले, रयतेची ऐपत वाढली आहे. इंदापूरचा सारा भरमसाट वाढला. आणि युद्ध संपल्यावर कापूस कोसळला. तेजीच्या वर्षांवरून पुढच्या तीस वर्षांचा हिशोब बांधलेला होता.

पुणे जिल्ह्यातून ओरड इतकी झाली की १८७४ मध्ये सरकारनं वाढीला मर्यादा घातली. गावांच्या गटाला ३३ टक्क्यांवर वाढ नको, एका गावाला ६६ टक्क्यांवर नको, एका खातेदाराला दुपटीवर नको. दुप्पट ही मर्यादा म्हणून घालावी लागते, यावरून आधी काय चाललं असेल ते समजा.

सारा वेळेवर भरायला रोख पैसा लागतो, आणि तो होता सावकाराकडे. सावकार सारा भरायचा आणि वहीत लिहून घ्यायचा. रयतेला वाचता येत नव्हतं. किती घेतले, किती फेडले, व्याज किती चढलं, याचा एकच पुरावा म्हणजे सावकाराची चोपडी आणि अंगठा उठवलेलं खत. पीक खळ्यावरून थेट सावकाराकडे. हातात किती उरतं हे ठरवणारा आता सरकारी कारकूनही नव्हता.

१२ मे १८७५. सुपे गावचा बाजाराचा दिवस. सुपे तेव्हा भीमथडी तालुक्यात होतं, आज बारामती तालुक्यात आहे. आसपासच्या गावांतून आलेल्या लोकांनी सावकारांच्या दुकानांवर आणि घरांवर हल्ला केला. इतिहासाच्या पुस्तकात हेच 'दख्खनचे दंगे' म्हणून येतात. इथून ते पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या अनेक गावांत पसरले. लोकांना हवे होते ते कागद. खतं, रोखे, चोपड्या काढल्या आणि जाळल्या. जिथे सावकारानं कागद मुकाट दिले, तिथे बहुतेक ठिकाणी त्याच्या अंगाला हात लागला नाही.

सरकारनं चौकशी आयोग नेमला, आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी मदत कायदा आला. या कायद्यातली एक तरतूद मला फार महत्त्वाची वाटते. पैसे फेडले की शेतकऱ्याला पावती मिळालीच पाहिजे. वर्षाकाठी खात्याचा उतारा मिळालाच पाहिजे. मागितलं तर पासबुक मिळालं पाहिजे. शिवाय कोर्टानं नुसतं खतावरचा आकडा बघून निकाल द्यायचा नाही, मुळात किती दिले-घेतले तिथपर्यंत मागे जायचं. आपण पगाराची स्लिप मागतो तेव्हा हेच मागत असतो: कापलं असेल तर काय कापलं ते लिहून द्या.

आता भाच्याच्या स्लिपकडे परत येतो, कारण तिच्यातली एक ओळ याच मातीतून आली आहे. व्यवसाय कर, २०० रुपये.

कॅल्क्युलेटरमध्ये राज्य का निवडायला लावतात, तर या ओळीसाठी. हा कर राज्याचा आहे. काही राज्यांत तो नाहीच. महाराष्ट्रात महिन्याला दहा हजारांवर पगार असला की दरमहा २०० रुपये, फक्त फेब्रुवारीत ३००. का? अकरा महिन्यांचे २,२०० आणि फेब्रुवारीचे ३००, मिळून २,५००. राज्यघटनेच्या २७६ व्या कलमानं या कराला वर्षाची कमाल मर्यादा घातली आहे. आधी ती २५० रुपये होती, १९८८ च्या साठाव्या घटनादुरुस्तीनं २,५०० झाली. तिच्यावर एक रुपया घेता येत नाही. फेब्रुवारीच्या पगारात शंभर रुपये कमी आले म्हणून ऑफिसात भांडायला जाऊ नका.

हा कायदा १९७५ चा, आणि त्याच्या मागे आहे बहात्तरचा दुष्काळ. आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. बारामती, इंदापूर, दौंड, पुढे सोलापूरपर्यंत सगळं करपलं होतं. कामाला म्हणून लोक खडी फोडायला बसले, पाझर तलावांवर गेले, रस्त्यावर गेले. लाल मिलो आणि सुकडी या दोन शब्दांनीच ती पिढी ते साल सांगते. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यभरातल्या दुष्काळी कामांवर जवळपास ५० लाख माणसं होती.

मागेल त्याला काम, ही कल्पना विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांची. १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात तिचा प्रयोग झाला होता. दुष्काळ ओसरल्यावर ती राज्याची रोजगार हमी योजना झाली. १९७७ मध्ये कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. पुढे केंद्रानं २००५ मध्ये देशासाठी रोजगार हमीचा कायदा केला, तेव्हा महाराष्ट्राचा अनुभव समोर होता.

पण हमी द्यायची तर पैसा हवा. त्यासाठी जे कर बसवले, त्यातला एक म्हणजे पगारदारांवरचा आणि व्यावसायिकांवरचा हा व्यवसाय कर. एकट्या पगारदारावरच भार टाकला असंही नाही. ओलिताच्या जमिनीवरही रोजगार हमीसाठी आकार बसवला होता, आणि जमा झालेल्या रकमेइतकी भर सरकारनं घालायची होती. म्हणजे कालव्याखालचा ऊसवाला, कारखान्यातला कारकून आणि पुण्या-मुंबईचा नोकरदार यांनी मिळून कोरड्या रानातल्या माणसाच्या मजुरीची सोय करायची, असा तो विचार होता.

दोन बारकावे सांगून ठेवतो. २०२३ च्या एप्रिलपासून महिन्याला २५ हजारांपर्यंत पगार असलेल्या बायकांना हा कर नाही. तुमच्या घरात कोणाचा कापला जात असेल तर विचारा. आणि जुनी करपद्धत निवडली असेल तर भरलेला व्यवसाय कर उत्पन्नातून वजा होतो, नव्या पद्धतीत होत नाही. शिवाय जून आणि डिसेंबरच्या पगारात कामगार कल्याण निधीची छोटी कपात असते, ती बरेच कॅल्क्युलेटर विसरतात.

रविवारी मी ताईकडे गेलो. ऑफर लेटर मधे ठेवून तिघे बसलो. भाच्याचं म्हणणं होतं, बोनस मिळणारच, सगळ्यांना मिळतो असं तिथले पोरं सांगतात. मी त्याला प्रिंगल सांगितला नाही. एवढंच विचारलं, "मागच्या तीन वर्षांत किती जणांना पूर्ण मिळाला, ते विचारलंस का?" तो गप्प बसला. मग त्यानं तिथल्या एका मित्राला फोन लावला. एका वर्षी पूर्ण, एका वर्षी निम्मा, एका वर्षी नाहीच.

मग आम्ही फेब्रुवारीचा आकडा धरला. २९,९३८. सगळ्यात कमी येणार तो महिना. त्यातून येण्या-जाण्याचं पेट्रोल आणि डब्याचं काढलं, आणि उरलेल्यात किती हप्ता झेपेल ते बघितलं. सतरा हजार झेपत नव्हता. नऊ हजार झेपत होता. दोनाऐवजी एकच खोली, आणि गिलावा बोनस आला तर.

ताईनं कागद बराच वेळ बघितला. मग बोट ठेवून म्हणाली, "हे दोनशे कशाचे?"

म्हटलं, "रोजगार हमीसाठी बसवलेला कर आहे. बहात्तरच्या दुष्काळानंतर आला."

"आई खडी फोडायला जायची ते?"

"ते आधीचं. त्यानंतर कायदा झाला."

"बरं," ती म्हणाली. "ते जाऊ देत मग." आणि भाच्याकडे वळून म्हणाली, "पण उन्हाळ्यापर्यंत मी खुरपायला जाणार. तुझा पहिला पगार हातात बघू दे, मग ठरवू."

गोल्डस्मिडनंही इंदापुरात थोडंफार हेच केलं होतं. काय यायला पाहिजे ते बाजूला ठेवून, आजवर काय आलं आहे ते बघितलं.

तर मंडळी, कॅल्क्युलेटर जरूर वापरा. पण त्यात आकडा टाकताना तो चांगल्या वर्षाचा आहे की नेहमीच्या, ते एकदा तपासा. तुमच्या घरातल्या कोणी बहात्तरच्या कामावर हजेरी लावली असेल, तर ती आठवण आम्हाला जरूर पाठवा.